पहिले सात तुकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार
हरले. पुन्हा! आणि पुन्हा त्याच पायी – व्हिडिओ गेममधला तो इंग्रजी टीच्या आकाराचा तुकडा धरून बसले म्हणून.

सूनबाईंचं म्हणणं, "आई, वरून पडणाऱ्या पहिल्या सात तुकड्यांत प्रत्येक आकार एकदाच येतो. कुठला आधी येणार, ते मात्र आपल्या हातात नाही." मला काय कळत नाही? जन्म गेला कोर्टात टायपिंग करण्यात. बोटं अजून तिच्यापेक्षा जोरात चालतात. मांडणी तर झोपेतून उठवलं तरी सांगेन – डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, मध्ये टीच्या आकाराची खाच, खाचेवर अर्धा छज्जा. टी आत फिरवून बसवला की आपल्या दोन ओळी भरून साफ, आणि समोरच्याच्या डोक्यावर चार ओळी कचरा! टी लवकर आला तर बाजूला ठेवायचा. एकच तुकडा तसा ठेवता येतो. त्या जागेला आम्ही खिसा म्हणतो.

घोडं पेंड खातं ते त्या दोन नागमोडी तुकड्यांपाशी. मी त्यांना जावा म्हणते. शेजारी बसवल्या की मध्ये भोक पडलंच! त्या दोघी आधी आल्या की माझी खाच होतच नाही. तरी मी टी खिशात घेऊन वाट बघते. ओळी चढतात, पडद्याच्या कपाळाला टेकतात, खेळ खलास.

बावीस तारखेला जोड्यांची स्पर्धा आहे. जोडीदार म्हणून तिनं मला घेतलंय. वेडी आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
घरमालक येऊन गेले. महिनाअखेर जागा रिकामी हवी. त्यांचा धाकटा भाऊ राहायला येतोय.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, तू आता इकडेच ये." इकडे म्हणजे त्याच्या नव्या संसारात. हे घर आणि ही बायको टाकून गेला, त्याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात घटस्फोटाचा शिक्काही बसला. म्हणजे कागदोपत्री ही मुलगी आता माझी कोणी नाही. ती अजून आईच म्हणते.

मुलाला म्हटलं, येते. दुसरं काय म्हणणार?

९ फेब्रुवारी, सोमवार
ती घरं बघतेय. चष्म्याच्या दुकानातून सुटली की एजंटबरोबर फिरते. मला एका शब्दानं बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारणार नाहीच! मी विचारलं तर तिला "तुम्ही पण चला" असं तोंडदेखलं म्हणावं लागेल. तिला कशाला अडचणीत टाकायचं? चौतिशीची आहे. तिनं स्वतःचं बघावं.

सराव केला. टी धरून बसले. हरले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
एजंट दारात आला होता. बिचारा रडकुंडीला आलाय. "मावशी, तुमच्या सूनबाईंना काहीच पसंत पडत नाही हो! परवा इतकं छान घर दाखवलं, उजेड, वारा, सगळं. म्हणे तिसरा मजला नको. तळमजलाच हवा."

आता बोला! जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते ही बाई. तळमजल्यावर काय पुरून ठेवायचंय? सतराशे साठ खोड्या. बरंय म्हणा. तिला घर मिळेपर्यंत तरी आम्ही एका छपराखाली आहोत. हे लिहिलं खरं, पण लिहून लाज वाटली.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज चिडली माझ्यावर. पहिल्यांदाच!

जावा आधी आल्या आणि मी टी खिशात घातला. तिनं हातातलं खेळायचं यंत्रच खाली ठेवलं. "आई, मांडणी चुकली असं कबूल केल्यानं कोणी मरत नाही. टी सपाट टाका, मोकळ्या व्हा, पुढचं पुढे बघू. ठरवलं होतं तसं झालं नाही की तुम्ही गप्प बसून वाट बघता. खेळात पण."

"खेळात पण" म्हणजे? विचारावंसं वाटलं. भाजी चिरायला गेले.

२१ फेब्रुवारी, शनिवार
बॅग अर्धी भरली. उद्या स्पर्धा.

२२ फेब्रुवारी, रविवार
तिसऱ्या आलो! तिसऱ्या!!

हॉल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. प्रत्येक पायरीवर गुडघे बोंबलत होते. ती कोपर धरून माझ्याबरोबर एकेक पायरी चढली, मध्ये दोनदा थांबली, आणि थकल्याचं नाटक स्वतःच केलं.

पहिला सामना. शेजारी-शेजारी दोन पडदे, समोर दोन कॉलेजकुमार. "आजींना सांभाळून घे रे," एक हसला. तुकडे आले – एक जाऊ, लगेच दुसरी जाऊ, मागून टी! बोट सवयीनं खिशाच्या बटणावर गेलं. तिथंच थांबलं. खाच होणार नव्हती. मला ते दिसत होतं. दर वेळी दिसतं! मग म्हटलं, जाऊ दे चुलीत ती मांडणी. टी आडवा करून सरळ जमिनीवर टाकला. शेजारून ओरडा ऐकू आला, "वा, आई!" मग अशी सपाट, साधी रचत गेले की बोटांना टाइपरायटर आठवला. कॉलेजकुमार कचऱ्यात बुडाले.

उपांत्य सामन्यात एका दंतवैद्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं आमचे दात पाडले. पण तिसऱ्या क्रमांकाचा सामना जिंकलो. कप अंगठ्याएवढा आहे. येताना तिनं तो ओढणीला पुसत पुसत आणला.

जिना उतरताना ठरवलं. उद्या विचारायचं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
चहा गाळता गाळता विचारलं. "तू कुठे जाणार आहेस? कधी?"

कप पुढे करत म्हणाली, "शनिवारी. काल रात्रीच एजंटचा निरोप आला, तळमजला मिळाला. तुमच्या गुडघ्यांपायी किती घरं सोडली, ठाऊक आहे? तुमची खोली मागची. तुमच्या बटणांच्या टकटकीत मला झोप येत नाही."

मुलाला फोन केला. म्हटलं, येत नाही.