बांध कुठून फुटला

आसेगाव,
११ जानेवारी १९७८

चि. जगदेव यास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तूर उभी आहे. म्हैस आटली, म्हणून कोराच चहा पिते.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, प्रश्नपत्रिका. तलावात पाणी कुठवर चढलं होतं, बांधाची माती कोणती, पाऊस कधी थांबला, पाणी बांधावरून गेलं की बांध कुठून फुटला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनीही एवढं विचारलं नव्हतं. कस्तुरचंद शेठजींची पानाबाई आली होती, तिला थोडं वाचून दाखवलं. म्हणाली, "काहो मनकर्णाबाई, पोरगा मायले कशी हायेस म्हनून नाही इचारत, पानी कसं होतं म्हनून इचारून राह्यला?"

मी म्हटलं, "त्याच्या मशीनले भूक लागली हाये."

हसलो दोघी. ती गेल्यावर मात्र मला राग आला.

तू लिहितोस, कॉम्प्युटर खोलीएवढा आहे, त्याला गार हवेत ठेवतात, तुमचे नंबर लागतात. एवढं मोठं यंत्र आकड्यांनी बांध उभा करतं, पाणी भरतं, फोडतं, पुन्हा उभा करतं. आणि खरा बांध कसा फुटला, हे त्याला मी सांगायचं? मग ते करतं काय?

बरं, घे. पाणी काठच्या बाभळीच्या फांद्यांना लागलं होतं. माती काळी, वर मुरूम. पाऊस दुपारीच थांबला होता. शेवटचा प्रश्न राहू दे.

तुरीला यंदा अळी कमी आहे. घराचं दार खाली घासतं, सुताराला दहादा निरोप दिला, येत नाही.

तू लिहिलंस की अनसिंगकडे याच नकाशाचा बांध होणार आहे. पंचनाम्यात पाणी वरून गेलं असं आहे, म्हणून नुसती उंची वाढवणार. हे वाक्य मला काही करू देत नाही. त्या बांधाखालीही घरं असतीलच.

पाणी वरून गेलं नाही, जगदेव. वर हातभर जागा होती. बांधाच्या पोटातून जो नळ काढला होता, त्याच्या शेजारून, बांधाच्या खालच्या बाजूला, गढूळ पाणी येत होतं. मी भाकर घेऊन गेले होते, म्हणून पाहिलं. मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. बोलले असते तर पुढचंही विचारलं असतं. तुझे बाबा त्या भोकात मातीची पोती कोंबून, त्यांना पाठ लावून बसले होते. म्हणाले, "तू जाय. खालच्या लोकायले बाहीर काढ. मी हावो अठी."

मी गेले. लोक निघाले, सगळे निघाले.

हे तुझ्या यंत्रात घाल. नळ, गढूळ पाणी, खालची बाजू. बाबांना घालू नकोस. बांध हवा तितक्या वेळा फोड, पण तिथं माणूस नाही असं धरून. आणि कागदावर कोणाचं नाव लागत असेल तर माझं दे. साहेबांपुढं येऊन सांगेन. मंगरूळपीरहून एस.टी. मिळते.

बांधावरून एकटी परत आलेली,
तुझी आई