जुने कापड, नग चाळीस

सोलापूर,
२४ ऑगस्ट

प्रिय मायाक्का,

तुझं पत्र येऊन दीड महिना होऊन गेला. तुझे अप्पा चैत्रात गेले, घरात त्यांचा एकही धड फोटो नाही, आधार कार्डावरचा मोठा करून आणला तर त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात, म्हणून कॉलेजात अडकून पडलेलं त्यांचं चित्र मी सोडवून पाठवावं, एवढंच तू मागितलं होतंस. चोवीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंस. मी मोबाईलवर दोन ओळी टाकल्या, शोधतोय, थोडा धीर धर, आणि त्यानंतर तोंड लपवून बसलो. तू पुन्हा विचारलं नाहीस, तो तुझा स्वभावच नाही. आज सगळं लिहितो. मध्ये कॉलेजचं रडगाणं बरंच येईल. ते गाळून पुढे जाऊ नकोस, तुझं चित्र त्यातच आहे.

आपलं चित्र-शिल्पाचं कॉलेज आता तुला ओळखू येणार नाही. गेटवर कमान झाली आहे आणि कमानीवर अध्यक्ष आबासाहेबांचा हसरा चेहरा. आपण जिथे कोपरापर्यंत माती मळायचो त्या खोलीत सोफा आलाय, एसी आलाय आणि दारावर 'अतिथी कक्ष' अशी पाटी लागली आहे. अतिथी वर्षातून दोनदा येतात. समोर माणूस बसवून रेखाटन करणं तीन वर्षांपूर्वी बंद झालं. मोबाईलवर हवे तेवढे चेहरे मिळतात, माणसं कशाला बसवायची, असं प्राचार्य भर मीटिंगमध्ये म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी चहाचे कप उचलले. जूनमध्ये आबासाहेबांचा वाढदिवस झाला. त्यासाठी पोरांचे अकरा दिवस वर्ग बुडवून अंगणभर त्यांच्या चेहऱ्याची रांगोळी काढून घेतली. मिशी दोनदा जाड करायला लावली. संध्याकाळी त्याच रांगोळीवर जेवणाची टेबलं मांडली. मला अक्षरशः शिसारी आली गं. पण खोटं कशाला बोलू, मीही तिथे उभा होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि नंतर जिलेबीही खाल्ली.

पोरांनी नाही खाल्ली. तिसऱ्या वर्षाला सृष्टी म्हणून एक मुलगी आहे, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरची. तिने फुलशीट कागदावर कोळशाने पाच प्रश्न लिहिले आणि ऑफिसच्या दाराला चिकटवले. मातीची खोली कुणाला विचारून बंद केली? समोर माणूस न बसवता आम्ही माणूस काढायला कसं शिकायचं? लायब्ररीत सहा वर्षांत एक पुस्तक का आलं नाही? रांगोळी अभ्यासक्रमात कुठे आहे? हे कॉलेज नेमकं कशासाठी आहे? उत्तरं द्यायच्या ऐवजी प्राचार्यांनी तिच्या वडलांना बोलावून घेतलं. ते बिचारे पाळी सोडून, तेलाच्या डागांच्या कपड्यांतच आले. मुलीला आवरा, नाहीतर दाखला नेऊन टाका, असं त्यांना सुनावण्यात आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पोरीनं तुमाला इचारलंय. उत्तर तुमी द्यायचं. मला कशाला बोलावलं?" मी चित्रकला विभागाचा प्रमुख म्हणून शेजारच्या खुर्चीत होतो. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्या माणसाला पाहून मला अप्पा आठवले. तेही असेच न वाकता ऑफिसात उभे राहिले होते. आठवतं तुला? बाजारात मेंढरं विकून तुला भाकरी आणि शेंगांची चटणी द्यायला आले, आणि तू त्यांना घोंगडीसकट स्टुलावर बसवलंस. विकतचा कॅनव्हास तुला परवडायचा नाही. पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याकडून तू जाडंभरडं मांजरपाट आणायचीस, ते लाकडी चौकटीला ताणायचीस आणि त्यावर सरस आणि खडूचे तीन हात द्यायचीस. आम्ही हसायचो, मायाक्का चित्र काढते का तंबू शिवते म्हणून. दोन दुपारी अप्पा हलले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "मेंढरंबी इतकी गप बसत न्हाईत की." त्या चित्रात त्यांचा उजवा डोळा किंचित बारीक आहे, उन्हात लांबवर कळप पाहिल्यासारखा. तसा डोळा मला आजवर काढता आला नाही. वर्षाच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि पहिल्या बक्षिसाचं चित्र कॉलेजनं ठेवून घ्यायचं हा रिवाजच होता. तू चिडली होतीस. अप्पांनाही ते गावात नेऊन दाखवायचं होतं. "माझं तोंड हितं कशाला ठेवून घेता?" असं त्यांनी ऑफिसात उभं राहून विचारलं, तेव्हा तुम्हाला दोघांना समजावणारा मीच होतो. घरी धुरात काळं पडेल, इथे जन्मभर नीट राहील, मी आहे ना, असं मी म्हणालो होतो. माझ्या शब्दावर तुम्ही ते ठेवून गेलात.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी मागच्या भांडारात गेलो. तिथे फरशी बसवणं चाललं होतं. जुनं सामान कुठे गेलं ते शिपाई शिवशरणला सांगता येईना. तपासणीची समिती येणार म्हणून सगळ्या इमारतीला रंग चालू होता. चार दिवसांनी जिन्याजवळ गलका ऐकू आला. रंगाऱ्यांनी जमिनीवर थेंब पडू नयेत म्हणून जुनी कापडं अंथरली होती. त्यातलं एक पायात अडकलं म्हणून सृष्टीने उचललं, उलटं केलं, तर खाली चेहरा. मग पोरं सगळ्या मजल्यांवर धावली. चाळीस चित्रं निघाली, आपल्याआधीच्या आणि आपल्यानंतरच्या पोरांची, सगळी पहिल्या बक्षिसाची. चौकटी काढून जळणाला दिल्या होत्या. दुकानातला कॅनव्हास पातळ, तो लगेच फाटला. तुझं मांजरपाट जाड, म्हणून रंगाऱ्यांनी ते खास जपून मजल्यामजल्यावर फिरवलं होतं. रंगारी तरी काय करणार, त्यांना ते फडकी म्हणूनच मिळालं होतं.

सृष्टी ते कापड दोन्ही हातांवर घेऊन माझ्या खोलीत आली. घोंगडीवर पांढऱ्या रंगाचे ओघळ, कपाळावर चपलेचा ठसा, पण डोळा जसाच्या तसा. तिने विचारलं, "सर, हे कोण आहेत? कुणी काढलंय?" मायाक्का, मी तुझ्या वडलांकडे पाहिलं आणि म्हणालो, "माहीत नाही." गेली वीस वर्षं मी पोरांना बघायला शिकवतो आहे. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

त्या दिवसापासून पोरं गेटवर बसली आहेत. त्यांनी ओल्या फडक्यानं, हलक्या हातानं चित्रं पुसली. वरचा पांढरा पाण्याचा रंग बराचसा निघाला, खालचं तेलकाम टिकलं. मग झाडांना दोर बांधून चाळीसही चित्रं कमानीखाली टांगली आणि प्रत्येकाखाली कागद लावला, 'हे कोण?' ज्यांना आठवतं ते जुने विद्यार्थी येऊन नाव लिहून जातात. अक्कलकोटकडचा अमरेश म्हणून एक मुलगा आहे, तो येणाऱ्या म्हाताऱ्यांशी कानडीत बोलून नावं काढतो. प्राचार्यांना तो सगळा कचरा वाटतो, समिती यायच्या आत उचला म्हणून नोटीस निघाली. सतराएक नावं अजून मिळालेली नाहीत, त्यांत अप्पा. मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून हजेरीला जातो आणि ते मला तो एक डोळा बारीक करून पाहतात.

पोरांचा सहावा प्रश्न असा होता, की चित्रं टाकाऊ ठरवली कुणी? परवा प्राचार्यांनी स्वतःचे हात झटकायला यादीच फळ्यावर लावली. 'जुने कापड, नग चाळीस, निरुपयोगी. विभागप्रमुखांनी पाहून खात्री केली.' खाली सही माझी आहे. वाढदिवसाच्या दिवशी टेबलाजवळ शिवशरणने कागद पुढे केला, माझ्या एका हातात जिलेबी होती, दुसऱ्या हाताने मी सही केली. वाचलं नाही. पाहायचं तर लांबच. हे पत्र मी त्यासाठीच लिहितो आहे. दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आज दुपारी मी गेटवर गेलो. अप्पांच्या चित्राखालच्या कागदावर लिहिलं, 'कोंडीबा, मेंढपाळ. चित्र मायाक्काचं.' त्याखाली लिहिलं, 'निरुपयोगी ठरवलं वेणीमाधवनं, न बघता.' मग सृष्टीला म्हणालो, हे मला दे, त्यांच्या घरी पोचवायचं आहे. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "नाही सर. एकदा तुमच्याकडेच दिलं होतं त्यांनी. आता त्यांनाच बोलवा, त्यांच्या हातात देऊ." पोरीला आपल्या वेळचं काही माहीत नाही, तरी बरोबर बोलली.

तर तुलाच यावं लागेल. स्टँडवर घ्यायला मी येत नाही, माझ्याबरोबर चालावंसं तुला वाटणार नाही हे धरून चालतो. रिक्षावाल्याला कॉलेज सांग. गेटवर बसलेल्या कुठल्याही पोराला अप्पांचं नाव सांगितलंस तरी पुरे. ते आता सगळ्यांना पाठ आहे.

तुझाच,
वेणीमाधव