अडीनडीचा हंडा

आई,

आधी वस्तुस्थिती, तीही क्रमाने, बाकीचे नंतर. गणिताच्या वहीत 'दिलेले' न लिहिता उत्तराकडे धावणाऱ्या मुलींना तू वर्गाबाहेर उभे करायचीस. मीही त्यांतलीच एक होते, म्हणून हा क्रम.

पहिले: लातुरातले धाकट्याचे बालरुग्णालय चार मजली आहे. नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वर आहे आणि त्या इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा नांदेडच्या माझ्या कार्यालयाने आखली व बसवली आहे. दुसरे: तळघरात दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत. बाहेरून आलेले पाणी आधी आगीच्या टाकीत पडते. ती काठोकाठ भरली की मगच वरून सांडून वापराच्या टाकीत जाते. आगीच्या टाकीतले पाणी पंपांखेरीज कोणी उपसायचे नाही, असा नियम आहे. तिसरे: या उन्हाळ्यात बोअर आटले, टँकर नेमाने येईनात, तेव्हा धाकट्याने आगीच्या टाकीचे झाकण उघडून आत पाणबुडी मोटार सोडली. चौथे: परवा मी तपासणीला गेले. पंप विनातक्रार सुरू झाला, गच्चीवर धार सरळ उभी राहिली, मी समाधानाने मान हलवते आहे तोच ती खोकू लागली आणि नळी माझ्या हातात सैल पडली. पाचवे: यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला देण्याचा परवाना माझ्याकडे आहे. तो दाखला नसेल तर रुग्णालयाची नोंदणी पुढे सरकत नाही. सहावे, आणि हे मी 'दिलेले'मध्ये धरावे की नाही ते तूच ठरव: तो माझा भाऊ आहे, आणि आज संध्याकाळी तो दाखला न्यायला इथे येणार आहे.

खाली उतरून झाकण उचलले तेव्हा तळाशी गढूळ पाणी होते आणि त्यात ती काळी मोटार बसली होती. फरशी पुसणारी मावशी माझ्यामागे येऊन उभी राहिली. हे पाणी कोणी काढू दिले, असे मी तिला विचारले. माझा आवाज तुझ्यासारखा झाला होता. ती म्हणाली, "मॅडम, पाणी तसंच ठेवून काय लोणचं घालायचं हाय का त्याचं?" मला राग यावा इतके ते वाक्य चांगले होते. मी वर धाकट्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले.

"मोटार काढ."

"काढतो. मग वरच्या नर्सनी हात कशानं धुवायचे, ते पण लिहून दे, सही-शिक्क्यासकट."

"गच्चीवर वेगळ्या टाक्या बसवून देते."

"टाक्या देशील गं ताई. पाणी?" तो हसला नाही. डोळे लाल होते त्याचे. "तुझी आग कधी लागायची ते लागू दे. तहान इथं रोज लागून राहिली. असं करू, एक टँकर जास्तीचा आणतो, तुझी टाकी काठोकाठ भरून ठेवतो. तू ये, बघ, सही कर. खोटं काय त्यात?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तो खिडकीकडे वळला. "अडीनडीचंच पाणी होतं ना ते? अडीनडीलाच काढलं. आईनं नव्हतं का दिलं?"

आई, हा शब्द त्याने बाहेरून आणलेला नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. कितीतरी दिवसांनी नळ येतो, आणि आला की पहिला भरायचा तो तांब्याचा मोठा हंडा. त्याच्या तोंडावर तू धुतलेले फडके सुतळीने बांधतेस, मग आमच्या घागरी, मग बादल्या. तो अडीनडीचा हंडा. धाकटा एकदा गाठ नुसती चाचपतो तर तू त्याच्याशी दिवसभर बोलत नाहीस. आणि एक दिवस शेजारच्या काकू दारात येतात. त्यांचे सासरे पहाटे गेलेले आहेत, गल्लीत कोणाकडे पाणी नाही. "बाई, म्हाताऱ्याला शेवटची अंघोळ घालायला तांब्याभर पाणी नाही हो घरात." तू उठतेस, गाठ सोडू लागतेस, आणि मी हंड्याच्या आडवी उभी राहते. "आई, ते अडीनडीचं आहे!" तू मला खांद्याला धरून बाजूला करतेस. "अडीनडी काय आपलीच असते का गं? सरक."

धाकट्याला एवढेच आठवते. काकू हंडा घेऊन गेल्या तेव्हा तोही त्यांच्या मागोमाग गेला आणि हंडा परत आला तरी तिकडेच होता. तो हंडा आता त्याच्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात ठेवला आहे, घासून लख्ख, आणि त्यात प्लास्टिकची फुले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तुझी गोष्ट सांगतो. पुढचे मात्र फक्त मी पाहिले. रिकामा हंडा परत आला. तू तो विसळलास, जागेवर ठेवलास आणि त्याच्या तोंडावर फडके बांधलेस, तीच गाठ मारून. जेवायला बसताना बाबांनी तिकडे पाहिले, म्हणाले, "हंडा आहे ना? मग काळजी नाही." तू त्यांच्या ताटात भाकरी वाढलीस. पुढचा नळ येईपर्यंत आपले घर त्या फडक्याच्या भरवशावर झोपले.

हे मी कोणालाही सांगितले नाही. रिकाम्यावर फडके बांधणारे लोक मला माझ्या धंद्यात रोज भेटतात आणि मी त्यांना नापास करते, फार विचार न करता. मंगल कार्यालये, शिकवणी वर्ग, कापड दुकाने. एका वाक्यात नकार देते आणि घरी येऊन पोटभर जेवते. परवा परत येताना चाकूरच्या पुढे मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मोटार काढली तर न धुतलेल्या हातांनी ती बाळे आजारी पडतील. ते सिद्ध करायला कागद लागत नाही. मोटार ठेवली तर त्यांच्याभोवती प्राणवायूच्या नळ्या आहेत, दिवसभर तापणाऱ्या वायरी आहेत, उन्हाळा आहे. त्या कक्षातले एकही बाळ स्वतः जिना उतरू शकत नाही. उतरवायला नर्स दोघी. मी हे उदाहरण उलटसुलट मांडून पाहिले आहे, आई. उत्तर येत नाही, आणि ज्याला उत्तर नाही असे उदाहरण तू कधी फळ्यावर लिहिले नाहीस.

नकार दिला तर तो तुझे तेच वाक्य माझ्या तोंडावर फेकेल, आणि मला फडक्याची गोष्ट सांगावी लागेल. त्याच्याजवळ तुझे तेवढेच उरले आहे. ते मी कोणत्या नियमाखाली काढून घेऊ? आणि गप्प राहून सही केली तर गाठ मीही तुझ्याइतकीच सफाईने मारेन. हात तुझाच आहे.

हे पत्र कुठेही जाणार नाही, हे मला कळते. तरी डावीकडे समास सोडला आहे, तू शेरा मारायचीस तेवढा. आणि एक सांगून टाकते: दाखला आणि नकार, दोन्ही कागद टेबलावर तयार आहेत, आणि सही मी दोन्हींवर केली आहे.

म्हणून विचारते. ते फडके तू का बांधलेस? आम्ही घाबरू नये म्हणून, की त्या रिकाम्या हंड्याकडे तुला स्वतःलाच पाहवेना म्हणून? तो येण्याआधी उत्तर दे. नुसती मान हलवलेली चालणार नाही, स्वप्नात येऊन पाठीवरून हात फिरवलेलाही चालणार नाही. लेखी दे, आणि खाली सही कर.