बेचाळीस की चव्वेचाळीस

१९ ऑगस्ट १९४५, मेढा
वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, सापडली. जमिनीत उगवणारं ऑर्किड, आपली आमरी, वीतभर उंच, फुलं पांढरी. नेहमीचीच समजून पुढे गेलो होतो, काय वाटलं कोण जाणे, परत फिरून गुडघे टेकले. ओठाला, म्हणजे खालच्या पाकळीला, झालर नाहीच. मागची नळीही बाकदार. अशी कधी पाहिली नाही. तीनच झाडं. एक वाळवायला घेतलं, एक कंदासकट ढेकळात. तिसऱ्याला हात लावला नाही.
वाट दाखवायला गावचे धोंडिबा होते. म्हणाले, "आवं मास्तर, ह्ये गुरंबी खात न्हाईत. एवढं काय बगताय?" म्हटलं, नवीन असेल. "नवी कशानं? माज्या बानंबी बगितली आसंल की."

२० ऑगस्ट, सातारा
सासुरवाडी. सौ. इंदू तिच्या आईच्या लाख वातींना मदत करायला आली आहे. शंभर वाती झाल्या की ताटात तांदळाचा एक दाणा. गप्पा चालू, हात चालू, मोजणी चुकत नाही. मला दहा पोरांची हजेरी घेताना घोटाळा होतो.
आमरी दाखवली. नवी ठरली तर तुझं नाव देणार, म्हणालो. सासूबाई समोरच. इंदू मान खाली घालून वात वळत राहिली, पण ती वात वाकडी झाली.

२ सप्टें., सांगली
सौ. परवा आली. चित्रं तीच काढते आहे, माझ्या हातून फूल म्हणजे फाटकी छत्री. कुंडीत पत्र्याची पट्टी खोचली, वर पेन्सिलीने 'इंदुमती'. सौ. म्हणे, लोक काय म्हणतील. काढली मात्र नाही.
सकाळी मुळांची टोकं कापून बाटलीत घातली. नेहमीच्या झालरवाल्या आमरीचे क्रोमोसोम बेचाळीस, ते मीच गेल्या साली मोजले. हिचे वेगळे निघाले तर कोणी नाही म्हणायला नको.

७ ऑक्टो.
सुट्टीपुरता कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणला, खिडकीत मांडला. मुळांची टोकं रंगवायला लाल रंग तयार केला. गाळायचा कागद लढाईमुळे कुठेच नाही. धोतराच्या फडक्यातून गाळला.

९ ऑक्टो.
चव्वेचाळीस!! दोनदा मोजले. दोन्ही वेळा चव्वेचाळीस. बासुंदी आणवली. सौ.ला कारण सांगितलं तर नुसती हसली. फार दिवसांनी असं हसली. गेल्या चैत्रात बाळ गेलं, त्यानंतर नाहीच बहुतेक.

१० ऑक्टो.
सौ. म्हणाली, मलाही बघू द्या की माझं नाव कशावर येतंय. बसवलं. बारीक स्क्रू कसा फिरवायचा तेवढं दाखवलं. तिने ताट मागून घेतलं, तांदूळही. नळीतून एक दिसला की ताटात एक दाणा. अर्धा तास हेच. मग दाणे मोजले. बेचाळीस.
म्हटलं, दोन राहिले. पुन्हा बसली. पुन्हा बेचाळीस. "हे दोन आहेत तुमचे. पण हे बाकीच्यांबरोबर राहत नाहीत. स्क्रू फिरवला की ते सगळे पुसट होतात आणि हे दोघेच वर दिसतात." मग, "धोतरातून गाळलंत ना?"
मी तिच्यावर ओरडलो. वाती वळणं आणि हे एक नव्हे, असंही म्हणालो. ती ताट घेऊन आत गेली.

११ ऑक्टो.
रंग नव्याने केला, दोनदा निवळून वरचा घेतला. दुसरं टोक. बेचाळीस. तिसरं. बेचाळीस. ते दोन म्हणजे रंगाची घाण. डोळ्यांना हवं होतं तेच मोजत बसलो.
स्वयंपाकघरात जाऊन चुकलो म्हणालो. मग विचारलं, बेचाळीस म्हटलं की नाव जाणार हे तुला ठाऊक होतं ना? सौ. भाकरी उलटत म्हणाली, "होतं की. पण बेचाळीस आहेत तर बेचाळीसच म्हणणार. नावासाठी दोन जास्त कशी सांगू?"
फार जीव आहे हिच्यावर. हे तिला सांगायला हवं, वहीला नव्हे.

१६ नोव्हें.
मुंबईच्या एका थोर वनस्पती-अभ्यासकांना सगळं कळवलं होतं, धोतरासह. उत्तर आलं. आकडा सारखा म्हणून जात एकच असं नाही, फुलाचा आकारही बोलतो. पण पाहिलीत तीन झाडं. कदाचित नुसती व्यंगाची फुलं असतील. पुढच्या साली त्याच कंदाला तसंच फूल येतं का, ते पाहा. चित्रं फार सुरेख, काढणाऱ्याला कळवावं.
कळवलं. सौ.ने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

३ डिसें.
पानं वाळून गेली. कुंडीत नुसती माती. पट्टी काढायला गेलो तर सौ. म्हणाली, राहू दे. म्हटलं, नाव ठरलेलं नाही. "फूल येईपर्यंत असू दे. मग झालर आली तर मीच पुसेन."

२२ जून १९४६
सकाळी सौ.ने अंगणातून हाक मारली. कुंडीत हिरवं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं. दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पट्टीवरची पेन्सिल थंडीवाऱ्यात पुसट झाली होती, तिने पदराने धूळ पुसली आणि अक्षरं गिरवली. मग नावापुढे माझ्याकडून पेन्सिलीनेच एक प्रश्नचिन्ह काढून घेतलं.
फुलाला अजून दोन महिने.