तेरड्याच्या खोऱ्यातला चुडा

अम्मा, आज बाजारात बांगड्या मांडून बसले होते, तेव्हा समोर दोन बाया बोलत होत्या की महाराजांनी आता विधवा बाईला पुन्हा लग्न करायची कायद्यानं मुभा दिली. एक म्हणाली, "कायदा करून काय हुतंय? घरची मान्सं करून देत्यात व्हय?" दुसरी म्हणाली, "देऊ देत न्हाईतर ऱ्हाऊ देत, कुणीतरी तोंडातनं काडलं की!" माझा हात गिऱ्हाइकाच्या मनगटावर तसाच थांबला. ती म्हणाली, "काय मावशी, डुलकी लागली का?" डुलकी कसली, मला ते खोरं दिसत होतं. म्हणून घरी आल्याआल्या चूल पेटवायच्या आधी हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, मलाही कुणी शिकवलं नाही. बांगड्या ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या, त्यांवरची अक्षरं लावत लावत मी शिकले. तू म्हणायचीस, "रद्दी वाचून कुणाचं प्वाट भरलंय?" पोट नाही भरलं, पण आज तुझ्याशी बोलायला कामी आली बघ ती रद्दी.

गौरी यायला पाच-सहा दिवस होते. दरसाल त्या सुमाराला तू शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या त्या गावाला बांगड्या भरायला जायचीस, आपला मणेराचा धंदाच तो. त्या साली गुडघ्यानं तुला धरलं होतं आणि माझं लग्न ठरलं होतं, म्हणून मला बरोबर घेतलंस. "सासरी जाऊन मणेराची लेक म्हणवून घेशील, आधी डोंगर चढून दाव," असं म्हणालीस. पहिला मुक्काम पन्हाळ्याला मामूकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पठारावर चढलो, आणि मी उभीच राहिले. पायवाट तेवढी काळी, बाकी सगळी जमीन पिवळी. सोनकी. मधेमधे निळसर-जांभळी बारीक फुलं दवानं वाकलेली, आणि वर धुकं इतकं खाली की हात वर केला तर ओला व्हावा. तू डोक्यावर पाटी घेऊन पुढं चालली आहेस, पाटीतल्या बांगड्या पावलागणिक किणकिणताहेत, आणि मागं न बघता म्हणते आहेस, "फुलं बघ, पण पाय बी बघ. शेवाळावरनं घसरलीस तर काचंच्या आधी तू फुटशील." पठार संपतं तिथून खाली खोरं उतरतं, आणि त्या खोऱ्यात सोनकी नाही, नुसता तेरडा. गुलाबी, दाट, कमरेएवढा. पार तळाच्या भातखाचरांपर्यंत डोंगरानं शालू सोडून ठेवल्यासारखा. गावच्या बाया गौरीसाठी तेरडा तिथूनच नेत. आसपासची माणसं त्याला फुलाचं खोरंच म्हणायची.

कड्याशी एक पोरगी आपली वाट बघत उभी होती. माझ्याच वयाची. गावच्या पाटलीणबाईंनी तिला पाटी उतरवून घ्यायला पाठवलं होतं, कारण उतार निसरडा आणि तुझा गुडघा तसला. तूच मला शिकवलं होतंस, बाईचं तोंड नंतर बघावं, आधी मनगट बघावं. मी बघितलं. दोन्ही हात उघडे. ती पाटलीणबाईंची थोरली सून होती, नवव्या वर्षी लग्न झालेली आणि दहाव्या वर्षी नवरा गेलेला. त्या घरात पाट लावायची, विधवेला पुन्हा उजवायची रीत नव्हती. तुझी जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. तू झऱ्यावर हातपाय धुवायला, वजूला बसलीस आणि म्हणालीस, "उतरा तुमी पुढं, मी येते दमानं."

आम्ही दोघी खोऱ्यात उतरलो. पाटी तिच्या डोक्यावर. मला तेव्हाच ते कसंतरी वाटलं, गावभरच्या बायांचा चुडा तिच्या डोक्यावर आणि हात रिकामे. अर्ध्या उतारावर एका खडकाशी तिनं पाटी टेकवली. खाली बसल्यावर तेरड्यात आम्ही दोघी गळ्यापर्यंत बुडालो. ती म्हणाली, "येक इचारू? हातात असल्यावर कशा वाजत्यात गं? डोस्क्यावर वाजत्यात तशाच?" मी म्हटलं, "तुझ्या नव्हत्या का वाजल्या?" "आटवत न्हाय. फोडताना वाजलेलं आटवतंय." मग पाटीतल्या बांगड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "घटकाभर घाल की. तुजी आई यायच्या आदी काढून टाकू."

मी पाच हिरव्या काढल्या. आणि इथं माझी अक्कल गेली, अम्मा. घटकाभरच घालायच्या तर सैल घालायच्या, लहान लेकरालाही कळेल. पण तू शिकवलेलं अंगात मुरलेलं. बांगडी मनगटावर पळता कामा नये, सैल भरली तर मणेरणीची लाज. मी तिचा अंगठा दुमडला, हाडं चेपली आणि माझ्या मते फार सुरेख, मापात, घट्ट बसवल्या. एकही तडकली नाही. ती हात हलवून बघत होती, कानाशी नेत होती, हसत होती. म्हणाली, "डोस्क्यावरच्यापेक्षा बारीक वाजत्यात." मग आम्ही काढायला गेलो, आणि एकही निघेना. जितकं ओढावं तितका हात सुजायला लागला. तिचं हसणं गेलं. तिनं खाली बघितलं आणि दगड उचलला. मी तिचा हात धरला, आणि तेवढ्यात वरून तू आलीस.

तू ओरडशील असं वाटलं होतं. तू आधी तिचं मनगट हातात घेतलंस, फिरवून बघितलंस आणि मला म्हणालीस, "भरल्यास झ्याक. काढायला येतं का?" मग खडकावर बसलीस, पाटीतली गोड्या तेलाची कुपी काढलीस आणि तिचा हात मांडीवर घेऊन चोळायला लागलीस. तिला म्हणालीस, "फोडायचं नाव काढायचं न्हाय. माज्या म्होरं काच मनगटावर कुणी फोडली न्हाय अजून." एक निघाली. बऱ्याच वेळानं दुसरी. तिसरी, चौथी. धुकं येत होतं, जात होतं, तेरड्यावर मधमाशा घुमत होत्या, आणि तू तिच्याशी भाताच्या लावणीबद्दल बोलत होतीस, जसं काही हेच काम करायला आपण डोंगर चढून आलोय. पाचवी मात्र हाडावर अडून बसली.

आणि खालून हाक आली. पाटलीणबाई स्वतः चढून आल्या होत्या, पाटी अजून कशी पोचली नाही म्हणून. त्यांनी हात बघितला. "हे कुणी केलं?"

"म्या भरली," तू म्हणालीस. "मापाला हात पायजे हुता, तिचा घेतला. चुकलं माजं."

"चुकलं? चाळीस वर्सं काकणं भरतीस आन् चुकलं?" त्यांचा आवाज खोऱ्यात घुमला. "फोड ती."

"माज्या हातनं न्हाय व्हायचं, आक्का. तुमी फोडा."

त्यांनी पोरीच्या हातून पडलेला तोच दगड उचलला. पोरीनं हात पुढं केला, खडकावर ठेवला, तोंड फिरवलं. मला अजून तो हात दिसतो, तेलानं चकाकणारा. आपलं त्या गावात पुन्हा पाऊल पडेल की नाही, हे त्या दगडावर होतं. पोरीचं काय होतं ते तर बोलायलाच नको. पाटलीणबाईंनी त्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी दगड तेरड्यात भिरकावला. "येकदा फोडल्यात म्या हिच्या. तवा बी हिनं असाच हात म्होरं केलता, न रडता." नाक पुसलं आणि एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "पदर घे हातावर. उतरंल तवा उतरंल. आन् तू काय बघतीस गं मणेराच्या पोरी, उचल पाटी!"

त्या गावाला आपण पुढंही जात राहिलो. पुढच्या साली ती कड्याशी उभी होती, हात पुन्हा रिकामे. हसून म्हणाली, "भात कापताना आपसूक फुटली. म्या न्हाय फोडली."

पण हे सगळं तुला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते सांगायला बसले, आणि चार पानं भरली तरी तिथं येईना. परत येताना पठारावर तू धापा टाकत थांबलीस, माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "तू खरं बोलनार हुतीस, तोंड उघडलंवतंस, बघितलं म्या. म्हणून तर मी आदी बोलले. लगीन ठरलेली पोर, तुज्यावर बोल नको." त्यानंतर जन्मभर, लोकांपुढं, माझ्या सासरीसुद्धा, तू सांगत राहिलीस की माझी लेक खोटं सोसत नाही. मी खाली मान घालून ऐकत राहिले, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. हा कागद कुठं पाठवायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचा नाही, म्हणून लिहिते. तोंड उघडलं होतं ते भीतीनं धाप लागली म्हणून. अम्मा, मी बोलणार नव्हते.