मास्तरांचा थांबा

आप्पा, तुमच्या नावाचा एक वॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तुम्ही गेलात तेव्हा असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. कोण साताऱ्यात, कोण सांगलीत, कोण पार सीमेवर बंदूक घेऊन, अशी माणसं फोनवर जमतात आणि सकाळी उठून एकमेकांना तुमची क्लॅरिनेट ऐकवतात. जुन्या कॅसेटवरची, खरखर येणारी. कोणी लिहितं, 'मास्तर, आज परत रडवलंत.' कोणी नुसते जोडलेले हात टाकतं. तुमचा बँड बंद पडला, त्यातली निम्मी माणसं वारली, ढोल मोडीत गेले, आणि ज्यांनी तुम्हाला कधी डोळ्यांनी पाहिलंही नाही अशी पोरं तुमचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून जत्रांतून हिंडतात. मी ब्लाउज शिवते आप्पा, कापड मला हात न लावता कळतं. त्या टी-शर्टचं कापड अगदीच पातळ आहे आणि छपाई वरवरची. चार धुण्यांत तुमचा चेहरा जाणार. हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं.

लोकांना मी सांगते की मला या सगळ्याचा कंटाळा येतो. कंटाळा नाही तो, हेवा आहे. आजचा नाही, फार जुना आहे. जत्रांचा हंगाम सुरू झाला की तुम्ही आठ-आठ दिवस घरी नसायचा. मग एखाद्या सकाळी एसटीतून उतरून यायचा, ओठ सुजलेले, खालच्या ओठाला आतून जखम. आई चुलीपुढून उठायची, वाटीत तूप घेऊन तुमच्या ओठांना लावायची आणि आम्हाला दटावायची, 'बोलू नगासा त्यांच्यासंगं.' घरात तुम्ही बोटानं बोलायचा. पाणी हवं तर अंगठा, भाकरी बास झाली तर तळवा. मी शाळेतलं काय काय सांगायला धावत यायचे आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवायचा. आणि तेवढ्यात पलूसचा तो शेतकरी ओसरीवर येऊन बसायचा, गुऱ्हाळातल्या पहिल्या आधणाचा गूळ फडक्यात बांधून. देवाच्या आधी तो तुम्हाला गूळ देतो हे तो साऱ्या गावाला सांगायचा. त्याच्याशी मात्र तुम्ही बोलायचा. त्याच सुजलेल्या ओठांनी. कुठल्या गावाला कुठली चाल कशी रंगली, समोरचा बँड कसा गप्प झाला, सगळं. आई आत भाकरी थापता थापता भाकरीलाच म्हणायची, 'त्यांच्यासंगं बोलताना व्हटं दुखत न्हाईत व्हय?' तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. तुम्हाला ऐकू गेल्याचं मी कधी पाहिलं नाही.

एकदा मी तुमची क्लॅरिनेट पेटीतून काढून तोंडाला लावली होती. आवाज कसला, नुसती फुसफुस. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, 'ठिव ती खाली. खेळणं न्हाई त्ये.' मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. मी ठेवली. त्याच संध्याकाळी कुठला तरी परगावचा माणूस आला, म्हणाला, 'मास्तर, येकदा हात लावू द्या,' आणि तुम्ही ती क्लॅरिनेट उचलून सरळ त्याच्या दोन्ही हातांवर ठेवलीत. त्यानं ती कपाळाला लावली. मी दाराच्या आडून बघत होते. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून आवडत नाही.

तुमच्या धंद्यातली एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली होती, ती म्हणजे पत्ती. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती बोरूची पातळ पत्ती. ती कोरडी पडली की आवाज चिरकतो, म्हणून एक जास्तीची पत्ती कायम ओली ठेवावी लागते. बाकीचे वाजवणारे ती पाण्याच्या वाटीत ठेवत. तुमचं म्हणणं, पाण्यानं पत्ती फुगते, तिला थुंकीच लागते. तुमचं तोंड तर वाजवण्यात गुंतलेलं. मग एकदा, मी लहान असताना, शाळेला सुट्टी होती, तुम्ही मला रहिमतपूरच्या बाजूच्या एका जत्रेला सोबत घेऊन गेलात आणि पत्ती माझ्या जिभेवर ठेवलीत. 'चावायची न्हाई. गालात धरायची. बोलायचं न्हाई.' मी आयुष्यात एवढी गप्प कधी बसले नाही आणि एवढी खूशही. भर दुपार. देवळापुढं दोन बँडांचा सामना. तुमची माणसं गोल करून उभी, त्या गोलाच्या आत तुमच्या पायाशी, पेटीवर मी. बाहेरच्या गर्दीला मी दिसतही नव्हते. लोकांना तुमचे कोट दिसत होते, जरीच्या पट्ट्यांचे. पत्तीची चव मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येईल: आधी वाळल्या कडब्यासारखी, मग थोडी कडवट, मग कसलीच नाही.

शेवटी तुम्ही भैरवी घेतलीत. सगळ्या बँडांची रीतच ती, भैरवी झाली की सामना संपला. ढोल, ताशा गप्प, मागं एकजण नुसता सूर धरून, आणि तुम्ही एकटे वर वर चढत गेलात. मला उन्हानं झापड आली. मान लवंडायला लागली. पत्ती अजून गालात. तेवढ्यात तुम्ही थांबलात. वर चढता चढता, मधेच. क्लॅरिनेट ओठांवरून काढलीत, खाली वाकलात आणि माझ्या तोंडासमोर तळवा धरलात. 'थुक,' म्हणालात, हळू. मी जागी झाले आणि पत्ती तुमच्या हातावर टाकली. तुम्ही ती खिशात टाकलीत, उभे राहिलात आणि जिथं सोडलं होतं त्याच्या वरच्या सुरावर जाऊन लागलात. गर्दीतून असा आवाज उठला की देवळावरची कबुतरं उडाली. सामना आपण जिंकला. घरी आल्यावर तुम्ही हसत हसत आईला सगळं सांगितलंत, आणि आई हसली नाही. 'गिळली असती मंजी? नरड्यात अडाकली असती मंजी?' त्या दिवसापासून माझं जत्रेला जाणं बंद झालं. तुम्ही एका शब्दानं तिला अडवलं नाहीत. म्हणून मला वाटत आलं की तुम्हाला फरक पडला नव्हता. पत्ती कोणाच्याही तोंडात ठेवता येते.

तुम्ही गेलात त्या दिवशीचं सांगायचं तर मी तुम्हाला नीट पाहिलंच नाही. आदल्या दिवसापर्यंत औषधालाही कोणी फिरकत नव्हतं, आणि सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नाही. ट्रॅक्टर भरभरून माणसं. जिल्ह्यातले तीन बँड आपण होऊन आले. मी तुमच्या डोक्याशी बसले होते तर एकानं माझ्या खांद्याला हात लावून म्हटलं, 'ओ ताई, जरा सरा की. मास्तरांचं दर्शन घ्यायचंय.' मी सरले, आप्पा. आपल्याच घरात, आपल्याच बापापासून. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की ही लेक आहे. कोणी म्हटलं नाही. आई म्हणाली, 'तुझा बा आपला कवा हुता?' आणि पदर तोंडाला लावला.

आता हे सगळं आज का काढलं ते सांगते. गेल्या महिन्यात सांगलीतल्या माझ्या दुकानात इस्लामपूरचा एक मुलगा आला. साखर कारखान्यात नोकरी, हातावर क्लॅरिनेट गोंदवलेली. मला वाटलं बहिणीचा ब्लाउज टाकायला आला असेल. तो दारातच वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, 'तुमी मास्तरांच्या लेक. आमाला लय उशिरा कळालं, ताई. यंदा पलूसला मेळावा हाय, तुमी यायलाच पायजे.' मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, 'थांबा तर म्हाईत आसंल की.' मी विचारलं, कसला थांबा? त्याला माझी कीव आल्यासारखं दिसलं. फोन काढून त्यानं भैरवी लावली. तुम्ही वर चढलात, आणि आवाज बंद. नुसती खरखर, मागचा सूर. मग तुम्ही परत. 'ह्यो मास्तरांचा थांबा,' तो म्हणाला. 'भल्याभल्यांनी नाद केला, कुणाला जमला न्हाई. आमच्याकडची पोरं क्लॅरिनेट शिकतात ती आधी थांबा शिकतात. मास्तर तितं थांबून देवाला वाकायचे. परसाद घेतल्यावानी हात पुढं करायचे. लय मोठी गोष्ट हाय ती, ताई. तुमाला न्हाई कळायची.'

मला कळायची नाही. मशीनवर अर्धी बाही होती, ती तशीच राहिली. तो गेल्यावर मी पाणी प्यायले आणि ठरवलं की मेळाव्याला जायचं. माइक हातात घ्यायचा आणि सांगायचं की अरे बाबांनो, तुम्ही ज्याची पूजा मांडली आहे ते एक झोपलेलं पोर होतं आणि तिच्या तोंडातली थुंकीनं भिजलेली पत्ती होती. देव नव्हता, प्रसाद नव्हता. मी होते. त्यांची सगळी भक्ती एका वाक्यात उसवून टाकायची, असं मनात घेऊन मी पलूसला गेले. खोटं कशाला सांगू, जाताना नवीन साडी नेसले होते.

मंगल कार्यालय भरलेलं. स्टेजवर तुमचा एवढा मोठा फोटो, त्याला हार, बाजूला टी-शर्टांचं टेबल. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी एक म्हातारे सुभेदार. फौजेत असताना जत्रांच्या तारखा बघून रजा टाकायचे, बायकोच्या बाळंतपणालाही त्यांनी जत्रेच्या हिशोबानं रजा घेतली, असं त्यांनीच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनाही मी मनातल्या मनात नावं ठेवली. मग कसं कोण जाणे, बोलता बोलता मी विचारलं, 'आवं, ह्यो थांबा आप्पा पहिल्यापास्नं घ्यायचे का?' म्हातारा माझ्याकडं वळला. 'छ्या. आधी कुटं हुता? त्या रहिमतपूरकडच्या जत्रंत पैल्यांदा घेतला. मी समूर हुतो. तवापास्नं मग जितं भैरवी तितं थांबा. येक जत्रा चुकली न्हाई. तितंच थांबायचे, त्याच सुराला. खाली वाकायचे आन् तळवा आसा धरायचे, कुणी कायतरी हातावर ठेवंल आसा. मग मूठ मिटून खिशात.' त्यांनी मूठ मिटून आपल्या सदऱ्याच्या खिशाशी नेली. 'मी येकदा इचारलं, मास्तर, काय घेता वो? तर म्हन्ले, हाय माजं कायतरी.'

मी त्यांना पुन्हा विचारलं की हात कसा धरायचे. त्यांनी पुन्हा दाखवलं. आप्पा, तो हात गुडघ्याच्या उंचीवर होता. देवाला कोणी एवढ्या खाली हात धरत नाही. पेटीवर बसलेल्या पोरीचं तोंड तेवढ्या उंचीवर असतं.

मी घरी होते. आईपाशी भांडी घासत होते, तुमच्यावर रुसून. आणि तुम्ही कुठल्या कुठल्या गावांत, एवढ्या माणसांपुढं, भैरवीत थांबून माझ्यापुढं हात धरत होता. तुम्ही थांबता, हात धरता हे त्या सुभेदाराला माहीत होतं, पलूसच्या गूळवाल्याला माहीत होतं, हातावर गोंदवलेल्या त्या पोरालाही अर्धंमुर्धं माहीत होतं. मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर एकदा सांगितलं असतंत तर काय ओठ झिजले असते? माझा तुमच्यावरचा राग तेवढ्यापुरता अजून आहे, तो तुम्ही ठेवून घ्या.

मग स्टेजवर एका मुलानं भैरवी वाजवली. चांगली वाजवली, उगाच कशाला नाही म्हणू. थांबा आला तसं सगळं कार्यालय वाकलं. म्हातारे, पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, सगळ्यांनी तळवे पुढं केले. मी एकटी ताठ बसून राहिले. माझं काम हात पुढं करायचं नव्हतंच कधी. माझी जीभ गालाला लागली होती आणि तोंडात कडब्याची चव आली होती. नंतर त्यांनी माइक माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. ठरवलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, 'सगळी जेवून जावा. कुणी तसंच जाऊ नगासा.' घरातल्या माणसानं म्हणायचं तेच म्हटलं. टाळ्या पडल्या.

त्यांना मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. हे पत्र त्या पोराच्या हाती लागलं तर दुपारच्या आत साऱ्या ग्रुपवर जाईल, म्हणून ते अस्तराच्या कापडाखाली राहील, जिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. हेवा गेला असं समजू नका. फक्त आता तो त्यांनी माझा करायला हवा, आणि त्यांना ते माहीत नाही, एवढंच.

आणि एक. निघताना मी त्या टेबलावरून एक टी-शर्ट घेतला. मला घट्ट होत होता, दोन्ही बाजूंनी उसवून जास्तीच्या कापडाच्या कळ्या घालून घेतल्या. दुकान बंद केल्यावर घरात घालते. अजून धुतलेला नाही.