झिसिस गोगोसची हजेरी

श्टुटगार्ट, १२ ऑक्टोबर १९६४

ती. आईस थिमियोसचा सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. दिवसभर गाड्यांच्या दारांना भोकं पाडतो. पोलिक्सेनीताई, वाचून दाखवताना माझ्या चुकांना हसू नकोस. चौथीतून पळालेल्याचं पत्र आहे हे.

आई, ‘नाही’चा दिवस यंदा बुधवारी येतोय. मुसोलिनीनं आपल्या देशातून फौजेला वाट मागितली, आपण ‘नाही’ म्हटलं, त्याला चोवीस वर्षं होतील. मी फोरमनकडे सुट्टी मागितली, तर तोही ‘नाही’च म्हणाला. कालपासून डोळ्यांपुढे आपला चौक येतोय. थंडी, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद, पाद्रीबाबा त्या लढाईत गेलेल्यांची नावं वाचतायत आणि प्रत्येक घरातला पुरुष ‘हजर’ म्हणतोय. शाळेच्या हजेरीला मी कधी सापडलो नाही, पण बाबांच्या नावाला एकदाही चुकलो नाही. तू मागून पाठीत बोट खुपसायचीस ना!

घर गप्प राहिलं की नाव वहीतून जातं. म्हणून शेजारच्या लांब्रोसला आपल्यातर्फे उभं राहायला सांग. मला इथे काही सुचत नाही.

तुझी माया अशीच राहू दे, रागावलीस तरी.

तुझा
थिमियोस

आनोपेत्रा, ३० ऑक्टोबर १९६४

चि. थिमियोस यास आईचे अ. आ.

ताई लिहितेय, बोलतेय मी. लोकरीचे मोजे पाठवलेत, ते घाल. तिथल्या पोरींना दाखवायला अनवाणी हिंडू नकोस.

लांब्रोसला मी सांगितलं नाही. त्याला त्याचा बाप पुरे. पाद्रीबाबांनी ‘झिसिस गोगोस’ वाचलं आणि चौक गप्प झाला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा वाचलं. पेन्सिल वहीकडे गेली तशी मी ‘हजर’ म्हणाले. मुखिया कुरकुरला की बाईमाणसानं उत्तर द्यायची रीत नाही. मग मी सगळ्यांदेखत बोलले:

“त्या हिवाळ्यात काडतुसांच्या पेट्या पाठीवर घेऊन आम्ही बायका बर्फातून वर आघाडीवर चढलो, तेव्हा कुणी रीत काढली नव्हती. झिसिसला शेवटचं मी पाहिलंय. हजर मीच म्हणणार.”

मुखियानं टोपी काढून हातात धरली. पेन्सिल परत खिशात गेली. नाव आहे.

आणि वेड्या, तेव्हा चौथा महिना होता मला. पेटी पाठीवर, तू पोटात. चुकला नाहीस तू.

जेवत जा. आठवण ठेव, पत्राचं उत्तर लांबवू नकोस.

तुझी आई
वायिया

श्टुटगार्ट, ८ नोव्हेंबर १९६४

ती. आईस थिमियोसचा सा. न. वि. वि.

मोजे घातलेत. पत्र तीनदा वाचलं.

तुला लिहिणार नव्हतो, पण लिहितो. त्या दिवशी, आपल्या हजेरीच्या वेळेला, अकराच्या ठोक्याला मी यंत्र थांबवलं, टोपी काढली आणि मोठ्यानं ‘हजर’ म्हणालो. फोरमनला वाटलं, मी त्यालाच सांगतोय. तो खूश होऊन खांदा थोपटून गेला. संध्याकाळी आपल्याकडचा एक गडी हसून म्हणाला की इथलं घड्याळ गावाच्या एक तास मागे असतं. तिकडे हजेरी कधीच आटोपली होती. आठवडाभर वाटत राहिलं, माझ्या मूर्खपणानं बाबांचं नाव गेलं.

आता हसू येतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच झिसिस गोगोस दोनदा हजर झाला.

पुढच्या वर्षी फोरमन काहीही म्हणो, मी येणारच. पण उत्तर तूच दे. मी मागे उभा राहीन आणि तुझ्या पाठीत बोट खुपसेन.

तोवर तुझ्या मनात माझी जागा धरून ठेव.

तुझा
थिमियोस